निखाऱ्यावरचं नाव

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी लापसी चुलीवरून उतरवली तेव्हा उज्ज्वलाचे हात भरून आले होते. भांडं काही एवढं जड नव्हतं. पण श्रावणात नवरा गेल्यापासून तिला सगळंच जड लागत होतं. पाण्याची कळशी, लेकीची, राखीची वेणी, लोकांचं बोलणं. त्यातही लोकांचं बोलणं जास्तच. वणीपासून ढाणकीपर्यंतचे नातेवाईक बसायला येऊन गेले होते आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता जो तो एकच गोष्ट सांगून गेला होता, की देव ज्याला दुःख देतो त्याला मोठं करतो. उज्ज्वला पदराआडून मान डोलवायची आणि पुढच्या पाहुण्यासाठी आधण ठेवायची. या मंडळींना चहा पाजता पाजता रडायलाच सवड मिळाली नव्हती, मग मोठं व्हायला कुठून मिळणार?

तिला तर उलटंच वाटत होतं. आपण रोज थोड्या थोड्या लहान होत चाललोय, असं वाटत होतं. पूर्वी कधी मनात आलं नसतं असलं काहीबाही आता मनात येऊन बसायचं. दीर प्रेम जेवायला बसला की त्याचे घास तिच्या डोळ्यांत खुपायचे. तो पोरांशी बोलताना चुकून हसला तर तिच्या अंगाची आग व्हायची. कारण ती फेरी प्रेमची होती. कोळशाच्या गाडीवर दोघं भाऊ आळीपाळीनं जात, आणि त्या दिवशी पाळी प्रेमची होती. पण प्रेमच्या बायकोच्या, दीपाच्या भावाचा साखरपुडा निघाला, दीपानं माहेरी जायचा हट्ट धरला, आणि उज्ज्वलाचा नवरा जीवन म्हणाला, "जा तू, मी मारतो फेरी." वणीच्या अलीकडच्या वळणावर गाडी रस्ता सोडून खाली गेली. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीही बोलत नव्हतं. उज्ज्वलाही बोलत नव्हती. ती फक्त रोज अंथरुणावर पडली की मनात म्हणायची, त्याच्याऐवजी हा का नाही गेला?

"गूळ बरोबर पडला का व?" सासूनं, सुखीबाईनं, विचारलं. ती उंबऱ्याशी बसून गोवऱ्यांचे तुकडे करत होती.

"पडला, याडी." सासूला ती तांड्याच्या बोलीत आईच म्हणायची.

"चाखू नको. आधी त्यायले, मंग आपल्याले."

"चाखली नाई. अंदाजानं टाकला."

"तुह्या अंदाजाचाच धाक हाये मले," सुखीबाई म्हणाली. एरवी या बोलण्यावर दोघी हसल्या असत्या. आज सुखीबाईनं गोवरी मोडली आणि बाहेर ओट्याकडे कान दिला.

ओट्यावर आवाज चढले होते. सासरे भीमसिंग भिंतीला टेकून बसले होते, डोक्याला सणाचा फेटा. समोर त्यांचे धाकटे भाऊ गुलाबसिंग, या बंजारा तांड्याचे कारभारी. तांड्यात कुणाच्या घरी काय चुकलं, याची यांना घरच्यांच्या आधी खबर असायची. प्रेम जरा बाजूला, पायरीवर, खाली मान घालून.

दर पाडव्याला घरोघरी धबुकार व्हायचा. सारवलेल्या जागेवर निखारे मांडायचे, घरातल्या वडीलधाऱ्यानं एकेका गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावानं तूप-लापसी निखाऱ्यावर सोडायची. जाळ उठला की समजायचं, तो जेवला. गाडीबैलावर मीठ-धान्य वाहून नेणाऱ्या खापरपणजापासूनची नावं भीमसिंगांना तोंडपाठ होती. यंदा त्या नावांत एक नाव वाढायचं होतं.

"मी नाई घेणार," भीमसिंग म्हणाले. "बाकीची सारी घेतो. थे नाई."

"असं कसं भाऊ?" गुलाबसिंग म्हणाले. "नाव नाई घेतलं त पोरगं दारात उपाशी उभं राहीन. अन् घराचं दुःख नाई सुटन. थ्या तिकडे पोट्ट्या उभ्या हायेत, फुलं तोडाले जाऊन राह्यल्या. राखीले कसं पाठवान? दुःखाच्या घरची पोट्टी गाण्यात चालत नाई."

"नाई चालत त नाई. घरी बसन."

"पुढल्या साली लगीन झालं त कुठून जाईन मंग? कुवाऱ्या पोट्ट्यायचाच सण हाये थो."

"गुलाब," भीमसिंग म्हणाले, "माह्या बापाचं नाव मी घेतलं. माहं नाव जीवननं घ्याचं होतं. बापानं लेकाले निखाऱ्यावर बोलावलं असं कोण्या तांड्यात पाह्यलं तू?"

 गुलाबसिंगांचं कारभारीपण एवढ्यात आटपलं.

"बा, मी घेतो नाव," प्रेम पायरीवरून म्हणाला.

"मी जिता हाये अजून," भीमसिंग त्याच्यावर खेकसले. आणि मग, जणू त्या खेकसण्यातच सगळा जोर सरला, म्हणाले, "मांडा. मांडा निखारे. घेतो."

आत उज्ज्वला ऐकत होती. तिला हेच हवं होतं. एवढ्या लोकांनी एवढं बोलून घेतलं, पण जीवनचं नाव कुणी सरळ घेतलं नव्हतं. 'तुमचा माणूस', 'राखीचा बाप', 'गेला तो'. माणूस जातो आणि पाठोपाठ त्याचं नावही जातं, हे तिला माहीत नव्हतं. स्वतः तर ती नवऱ्याचं नाव घेणारच नव्हती. लग्न होऊन आली त्या दिवसापासून एकदाही घेतलं नव्हतं. दाखल्यासाठी मयताचं नाव विचारलं तेव्हाही राखीनंच पुढं होऊन सांगितलं होतं. आज कुणीतरी ते मोठ्यानं घ्यावं आणि तिनं ऐकावं, एवढंच तिचं मागणं होतं.

निखारे मांडले गेले. भीमसिंग फेटा सावरून बसले. मागे बायका, राखी दाराशी. नव्या ओढणीची घडी तिनं मोडली नव्हती, नुसती हातात धरली होती. पलीकडे रस्त्यावर पोरींची टोपली घेऊन कुजबुज चालली होती.

नावं सुरू झाली. एकेक नाव, तुपाची पळी, लापसीचा घास, आणि भप्पकन उठणारा जाळ. भीमसिंगांचा हात सरावाचा होता. पणजा झाला, आजा झाला, बाप झाला, बालपणी गेलेली बहीण झाली. मग त्यांचा हात थांबला.  उज्ज्वला कान देऊन पुढे झुकली.

"प्रेम भीमसिंग," म्हातारा म्हणाला आणि तूप सोडलं.

जाळ हातभर उंच उठला.

क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग दीपा अशी किंचाळली की रस्त्यावरच्या पोरी धावत फाटकाशी आल्या.

"बाप्पा! जित्या माणसाचं नाव! माह्या कुंकवाचं नाव टाकलं निखाऱ्यात!"

भीमसिंग हातातल्या पळीकडे पाहत होते. त्यांचे ओठ हलत होते. जन्मभर त्यांनी या दोन नावांचा घोळ केला होता. जीवनला हाक मारायची तर आधी तोंडात प्रेम यायचं, मग बैलाचं नाव, मग कुठे जीवन. पोरं लहानपणी यावरून लोळून लोळून हसायची. आज कुणी हसलं नाही.

"चुकलं. तोंडातून निघालं, बाई," ते म्हणाले.

"तोंडात येते थे मनात असते," दीपा म्हणाली. "मले मालूम हाये. तुमाले साऱ्यायले हेच वाटते. मी माहेरी नेलं म्हणून माहा वाचला, याचंच दुखते तुमाले. थो मेला असता त चाललं असतं!"

"दीपा!" सुखीबाई ओरडली.

"काहून, खोटं हाये काय? सांगा ना कोणीतरी, खोटं हाये म्हणून!"

कुणी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. पण जो तो दुसरा सांगेल म्हणून थांबला, आणि ते थांबणंच उत्तर होऊन बसलं.  म्हाताऱ्याच्या तोंडून जे निघालं ते उज्ज्वलाचं होतं. श्रावणापासून तिनं रोज जे नाव मनात निखाऱ्यावर टाकलं होतं, तेच आज सगळ्यांसमोर टाकलं गेलं होतं. तिला स्वतःची भीती वाटली. अगदी लहानपणी अंधाराची वाटायची तशी.

प्रेम उठला. "बा बरोबरच बोलला," एवढंच म्हणाला. "फेरी माहीच होती." आणि तो मागच्या दारानं बैलाच्या गोठ्याकडे निघून गेला.

पुढे सल्लामसलत सुरू झाली. गुलाबसिंगांना आता कुठे काम मिळालं होतं.

"हे सादं नाई, भाऊ. पोहरादेवीले न्या लागन त्याले. भगताले विचारा लागन. बोकड बोला लागन. सारा तांडा बसवा लागन."

"मी आजच नेतो त्यायले माहेरी," दीपा डोळे पुसत म्हणाली. "या घरात नाई ठेवत."

"कुठीबी ने," भीमसिंग म्हणाले. त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला होता. टक्कल पडलेलं ते डोकं फार लहान दिसत होतं. "एक मी गमावला, दुसरा माह्या तोंडानं घालवला. माह्या तोंडात माती पडो."

सुखीबाई एकदा नवऱ्याकडे पाही, एकदा सुनेकडे. तिला कुणाची बाजू घ्यावी कळेना. आयुष्यभर तिनं घर असंच धरलं होतं, आज याच्याकडून बोलून, उद्या त्याच्याकडून. आज दोन्ही हात भरलेले होते.

उज्ज्वला उठली. तिच्यात बळबिळ काही आलं नव्हतं. खरं सांगायचं तर तिला कंटाळा आला होता. रडण्याचा, समजूत काढून घेण्याचा, आणि सगळ्यात जास्त त्या रोजच्या एका वाक्याचा. आपणच इतके दिवस वाहिलेलं ओझं आता आपल्यालाच ओढवत नाही, एवढंच तिला कळत होतं. तिनं ताटलीत लापसी वाढली, वर तूप सोडलं आणि मागच्या दारानं गोठ्याकडे गेली.

प्रेम बैलाच्या दावणीपाशी उकिडवा बसला होता. त्याला तसं पाहिलं आणि ती लग्न होऊन आली त्या वर्षीचा, शाळेची चड्डी घातलेला प्रेम तिला दिसला. तेव्हा तो तिच्याच हातचं खायला मागायचा.

"प्रेम."

"जा भोजाई तुमी. आत जा."

"आधी ऐक. बाच्या तोंडून थे चुकून निघालं. माह्या मनात चुकून नव्हतं." ती ताटली धरून तिथंच उभी राहिली. "रोज होतं. निजली की मी तुहं नाव घ्याची. तू काहून नाई गेला, म्हणाची. झालं सांगून. आता तुले शिव्या द्याच्या असन त दे."

प्रेमनं वर पाहिलं नाही. "मले मालूम होतं."

"कसं?"

"अगोदर तुमी मले वाढता वाढता शिव्या द्याच्या. अजगरासारखा गिळतो म्हणाच्या, ताट उचलत नाई म्हणाच्या. श्रावणापासून एक शिवी नाई. मुकाट्यानं वाढून राह्यल्या, पाहुण्याले वाढल्यावाणी." त्यानं नाक पुसलं. "मंग मले समजलं. मीबी थेच म्हणतो रोज. काहून नाई गेलो."

उज्ज्वला त्याच्यासमोर जमिनीवर बसली. शेणाच्या वासात, सणाच्या साडीनिशी. दोघंही एकच वाक्य रोज म्हणत होते, दोन भिंतींच्या दोन बाजूंना. हे तिच्या लक्षात आलं आणि तिला एकदम रडू आलं. चहाच्या आधणाआड राहून गेलेलं सगळं रडू. प्रेम घाबरला. "भोजाई, अवो भोजाई," म्हणत राहिला. तिनं पदरानं तोंड पुसलं, ताटलीतला घास उचलला आणि त्याच्या तोंडाशी नेला.

"खा."

"काय करून राह्यल्या?"

"ज्याच्या नावाची लापसी निखाऱ्यावर पडली, त्यानं हातची खाऊन दाखवावं. मंग नाव वापस येते."

"असं कोणी सांगतलं?"

"कोणी नाई. मी सांगून राह्यली. खा लवकर, हात दुखून राह्यला."

प्रेमनं घास खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसऱ्याला तो लहान पोरासारखा हुंदके देत होता आणि लापसी अर्धी बाहेर येत होती. मागच्या दारात सगळं घर गोळा झालं होतं. दीपानं तोंडाला पदर लावला होता.

"असा रिवाज नाई आपल्यात," गुलाबसिंग हळूच म्हणाले.

"आजपासून हाये," सुखीबाई म्हणाली.

दीपा पुढे आली. उज्ज्वलाकडे तिला पाहवेना. तिनं नुसती ताटली धरली, आणि उरलेले घास नवऱ्याला तिनं भरवले. दोघी जावांचे हात ताटलीखाली एकमेकांना लागले होते. कुणी काढून घेतला नाही.

सगळे परत निखाऱ्यांपाशी आले तेव्हा वर राख धरली होती. सुखीबाईनं फुंकर मारून ती उडवली. भीमसिंगांनी पळी उचलली, आणि परत खाली ठेवली.

"माह्याच्यानं नाई होत. माह्या तोंडाचा आता मलेच भरोसा नाई." मग त्यांनी ती पळी थोरल्या सुनेकडे केली. आजवर ते तिच्याशी कधी सरळ बोलले नव्हते. जे सांगायचं ते सुखीबाईमार्फत. "तू घे, बेटा. तुह्यापरीस जास्त हक्क कोणाचा हाये?"

गुलाबसिंगांनी तोंड उघडलं, वहिनीकडे पाहिलं आणि मिटलं.

उज्ज्वलानं पळी घेतली. तूप सोडलं, लापसी सोडली, आणि तिच्या तोंडून वर्षानुवर्षांच्या सवयीनं जे यायचं तेच आलं.

"राखीचे बाबा, जेवाले या."

निखारे नुसतेच चरचरले. निळसर धूर निघाला आणि सगळ्यांच्या डोळ्यांत गेला. जाळ काही उठला नाही.

सुखीबाई पुढे सरकली. "अवं, तिकडे गर्दी काय कमी हाये? राखीचे बाबा म्हटलं त कोणाले समजन? नाव घे त्याचं."

"याडी, मी कसं..."

"मी सांगतो ना. मी त्याची माय हावो. घे."

उज्ज्वलानं डोक्यावरचा पदर मागे सारला. सासऱ्यांसमोर, चुलतसासऱ्यांसमोर. नाव तिच्या जिभेवर आलं तेव्हा ते तिला परक्याचं वाटलं. इतकी वर्षं ज्याच्याबरोबर काढली, त्याचं नाव तोंडात कसं लागतं हेच तिला माहीत नव्हतं.

"जीवन," ती म्हणाली.

हे तिचं तिलाच ऐकू आलं. तिनं पुन्हा तूप घेतलं.

"जीवन भीमसिंग," ती म्हणाली, यावेळी मोठ्यानं, शेताच्या बांधावरून हाक मारावी तशी. "ये. जेवून घे."

जाळ उठला. फार उंच नाही. प्रेमच्या नावाला उठला होता त्याच्या निम्माही नसेल. पण उठला, आणि बराच वेळ राहिला. भीमसिंग पोरासारखे रडले. सुखीबाईनं त्यांना रडू दिलं. दाराशी राखीनं ओढणीची घडी मोडली आणि आईकडे पाहिलं.

"जा," उज्ज्वला म्हणाली. "थ्या पोट्ट्या केव्हाच्या उभ्या हायेत. अन् काट्यात हात नको घालू."

पोरी गात निघाल्या. गाणं हायवेच्या बाजूला लांब लांब जात राहिलं, मग गाड्यांच्या आवाजात गेलं. उज्ज्वला भिंतीला टेकून बसली. ती मोठीबिठी काही झाली नव्हती. ती दमली होती. पण हे दमणं रानातून घरी आल्यावरचं होतं, पाय पसरता येतात असं. राखीचा बाप उद्याही नसणार होता आणि परवाही. त्याचं नाव मात्र आता तिच्याजवळ होतं.

पंगत बसली. प्रेमनं दुसऱ्यांदा लापसी मागून घेतली, दीपानं तिसऱ्यांदा न मागताच वाढली. जेवण झाल्यावर तो ताट तसंच पुढ्यात ठेवून, हात वाळवत, कुणाशीच न बोलता बसून राहिला.

"ए," उज्ज्वला म्हणाली.

तो दचकला.

"ताट कोण उचलन? तुह्या बापाची नोकर हावो काय मी?"

 खुद्द बाप समोर बसला होता. प्रेम तिच्याकडे पाहतच राहिला. त्याचे डोळे भरून आले, मग ओठ हलले, आणि भीमसिंगांनी फेट्याच्या टोकानं डोळे पुसत मान हलवली.

"उचल रे," म्हातारा म्हणाला. "उचल, प्रेम."

या वेळी नाव बरोबर आलं होतं. प्रेम उठला आणि ताट घेऊन मोरीकडे गेला.